तात्पुरत्या गोष्टींची यादी

जून २०२४मध्ये लिनक्स वापरणाऱ्यांच्या जगात एक चमत्कारिक तक्रार नोंदवली गेली. संगणकावरचा तात्पुरत्या फाइलींचा पसारा आवरणारी एक आज्ञा त्या प्रणालीत आहे. तिचे नाव 'सिस्टमडी-टीएमपीफाइल्स'. नावातला 'टीएमपी' म्हणजे 'टेम्पररी', हे संगणकाशी बेताचा परिचय असलेल्यालाही कळावे. नुकत्याच प्रसिद्ध झालेल्या २५६व्या आवृत्तीत या आज्ञेला 'पर्ज', म्हणजे निःशेष साफ करा, असा एक नवा पर्याय जोडण्यात आला होता. तो वापरला की आज्ञा आपले काम चोख करीत असे. तात्पुरत्या फाइली जात, आणि त्यांच्याबरोबर 'होम' ही डिरेक्टरीही जात असे. माणसाची पत्रे, छायाचित्रे, अर्धवट लिहिलेला प्रबंध, दहा वर्षांची टिपणे, म्हणजे संगणकावर ज्याला आपले म्हणावे असे जे जे काही असते, ते या 'होम'मध्ये राहते.

साहित्याच्या वाचकाला याच्याशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. पण या दोषाचे मूळ एका शब्दात होते, आणि शब्दाच्या आड बसलेल्या एका यादीत. कोणता कागद कायमचा, कोणता चार दिवसांचा, हे कोण ठरवते आणि ते ठरवणाऱ्याचे शब्द जुने झाल्यावर काय होते, हा प्रश्न दप्तरे चाळणाऱ्याला नवा नाही. मला ती तक्रार वाचून एकदम किलेअर्क आठवला. आजच्या छत्रपती संभाजीनगरातील या किल्ल्यात मोगल अमदानीचे कागद दोन शतकांहून अधिक काळ पडून होते. त्यांची संख्या सुमारे दीड लाख. त्यांतला बहुतेक प्रत्येक कागद लिहिणाऱ्याच्या दृष्टीने तात्पुरता होता. पण तिकडे वळण्यापूर्वी त्या आज्ञेची कथा पुरी करायला हवी, कारण ती कथाही इतिहासाचीच आहे.

लिनक्स ज्या युनिक्सच्या घडणीवर उभे आहे, त्या युनिक्सच्या १९७१च्या पहिल्या पुस्तिकेतही 'टीएमपी' ही जागा दिसते. मजकूर संपादित करणारा कार्यक्रम आपला कच्चा खर्डा तिथे ठेवी आणि काम संपले की पुसून टाकी. कार्यक्रम मधेच कोलमडला तर खर्डा मागे राही, म्हणून ही जागा अधूनमधून झाडण्याची चाल पडली. त्याच काळातली दुसरी एक जागा म्हणजे 'यूएसआर', म्हणजे 'यूजर', वापरणाऱ्यांची. माणसांचे खासगी दप्तर पूर्वी तिथेच असे. पहिल्या डिस्कवरची जागा संपली तेव्हा प्रणालीचे कार्यक्रम अडचण म्हणून दुसऱ्या डिस्कवर, वापरणाऱ्यांच्या शेजारी, नेऊन ठेवले. ही अडचण कायमची झाली. पुढे माणसांनाच तिथून उठून 'होम' नावाच्या नव्या जागी जावे लागले. 'यूएसआर' हे नाव मात्र तसेच राहिले, आणि आज तिथे वापरणाऱ्याचे काहीही नसते. भाड्याने दिलेल्या ओसरीवर भाडेकरूचे बिऱ्हाड वाढत जावे आणि घरमालकाने निमूटपणे दुसरीकडे घर घ्यावे, तसा हा प्रकार.

झाडण्याचे काम प्रथम माणसे करीत, मग ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या लहान आज्ञा करू लागल्या. 'रेड हॅट'च्या प्रणालीत त्या कामासाठी 'टीएमपीवॉच' होते, 'डेबियन'मध्ये 'टीएमपीरीपर'. २०१०मध्ये लेनार्ट पोटरिंग आणि के सिव्हर्स यांनी 'सिस्टमडी' ही नवी व्यवस्था पुढे आणली, तिच्यात हे काम 'टीएमपीफाइल्स'कडे आले. तिची पद्धत कारकुनी आहे, आणि हे मी कौतुकाने म्हणतो. कोणती जागा, तिचा मालक कोण, तिच्यावर अधिकार कोणाचा, आणि किती दिवस हात लागला नाही तर तिथला ऐवज काढून टाकायचा, हे सारे एकेका ओळीत लिहिलेले असते. मूळच्या मांडणीत एका तात्पुरत्या जागेला दहा दिवस आणि दुसरीला तीस दिवस अशी मुदत आहे.

परंतु यादी तयार असली की तिच्यात भर पडते. जागा झाडायची तर ती आधी असायला हवी, म्हणून 'नसेल तर निर्माण कर' असेही याच यादीत लिहिता येऊ लागले. मग ज्यांचा तात्पुरतेपणाशी संबंध नाही, पण ज्या यंत्रावर असल्याच पाहिजेत, अशा जागाही तिच्यात आल्या. त्यांत 'होम' होते. 'होम'च्या ओळीत मुदतीच्या रकान्यात आडवी रेघ होती, म्हणजे ही जागा कधीही झाडू नये. यादीचे नाव 'तात्पुरत्या फाइली' असेच राहिले. वर्षानुवर्षे त्याने कोणाचे काही बिघडले नाही. मग 'पर्ज' आला. त्याचा अर्थ, या यादीने जे जे निर्माण केले ते ते नाहीसे करा, असा होता. 'होम' यादीत होतेच.

तक्रारीला एका विकासकाने दिलेले पहिले उत्तर तिखट होते. हे असेच होणार असे पुस्तिकेत लिहिले आहे. न वाचता आज्ञा चालवाव्यात कशाला, असा त्याचा आशय. शब्दार्थाने पाहता उत्तर बरोबर होते. पण वाचणारा शब्द वाचतो तो नावाच्या छायेत. 'तात्पुरत्या फाइलींची यादी' या नावाखाली 'यादीतले सर्व नष्ट होईल' असे वाक्य आले तर वाचक 'यादीतले सर्व' याचा अर्थ 'तात्पुरते सर्व' असाच घेणार. टीकाकार ज्याला संदर्भाने अर्थ मर्यादित होणे म्हणतात ते हेच. थोड्याच दिवसांत २५६.१ ही दुरुस्ती निघाली: यादीचे नेमके प्रकरण सांगितल्याखेरीज 'पर्ज' चालणार नाही असे ठरले. पुढे आणखी एक बंधन आले. ज्या ओळीवर डॉलरचे चिन्ह आहे तेवढीच ओळ 'पर्ज'च्या कक्षेत येईल, बाकीच्या नाहीत. पुस्तिकेतील वर्णनातून 'तात्पुरत्या' हे विशेषण गेले. आज्ञेचे नाव मात्र बदलता येईना, कारण जगभरच्या यंत्रांवर ते लिहिले गेले होते.

हा दोष की वापरणाऱ्याचा हलगर्जीपणा, हा वाद मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. दुरुस्ती करावी लागली यातच उत्तर आले. मला लक्षणीय वाटते ते ते चिन्ह. ओळ यादीत असणे पुरेसे नाही, तिच्यावर वेगळी खूण हवी, या कल्पनेला आपल्याकडे फार जुना शब्द आहे. तो म्हणजे डाग.

त्याचे कारण समजण्यासाठी याच जातीच्या आज्ञांचा एक जुना दोष पाहावा लागतो. १९९०च्या दशकात असे उघड झाले की साफसफाई करणारी आज्ञा आधी पाहते आणि मग पुसते. आणि या दोहोंमध्ये क्षणभर का होईना, अवधी राहतो. तेवढ्या अवधीत कोणी लबाडाने पाहिलेल्या जागेच्या ऐवजी त्याच नावाने दुसऱ्याच जागेकडे नेणारी पाटी लावली, तर आज्ञा पाटीवर विश्वास ठेवून भलतेच काही पुसते. ती साफसफाई यंत्राच्या सर्वाधिकाऱ्याच्या हुकमाने चालत असल्याने तिला कोठेही मज्जाव नसतो. पाहणी झाली एकाची, कृती झाली दुसऱ्यावर.

मोगल लष्कराच्या पगारवाटपात नेमकी हीच लबाडी होती. मनसबदाराने अमुक इतके स्वार आणि घोडे बाळगायचे आणि त्यांचा खर्च म्हणून जहागीर किंवा रोख वेतन घ्यायचे, असा करार. हजेरीच्या दिवशी घोडे उसने आणावेत, बाजारातले चार जण पगडी घालून उभे करावेत आणि हजेरी संपली की ज्याचे त्याला परत करावे, हा धंदा मोगलांच्याही आधीपासूनचा. अल्लाउद्दीन खलजीने आणि नंतर शेरशहाने घोड्यांना डाग देण्याची, म्हणजे तापलेल्या लोखंडाने खूण उमटवण्याची, पद्धत वापरली; अकबराने ती १५७०च्या दशकात नव्याने बसवली. घोड्याला डाग आणि स्वाराला 'चेहरा'. चेहरा म्हणजे वर्णनाचा कागद: नाव, बापाचे नाव, जात किंवा टोळी, राहणार कोठला, वर्ण, कपाळ, भुवया, डोळे, देवीचे व्रण, तीळ, जखमेच्या खुणा. पुढच्या हजेरीला हाच माणूस आला की दुसरा, हे या कागदावरून ताडायचे. ती हजेरी झाली की मागच्या कागदाचे काम जवळजवळ संपले.

किलेअर्कातल्या दीड लाख कागदांत अशा 'अर्ज-ओ-चेहरा' कागदांचे प्रमाण फार मोठे आहे.

औरंगाबादेत हे कागद का साचले ते सांगायला फार लांब जावे लागत नाही. मलिक अंबरने १६१०च्या सुमारास खडकी गावी निजामशाहीची राजधानी वसवली. त्याच्या मुलाच्या कारकिर्दीत तिचे फतेहनगर झाले, आणि दख्खनचा सुभेदार असलेल्या औरंगजेबाने १६५३मध्ये तिला आपले नाव दिले. (छत्रपती संभाजीनगर हे नाव २०२३चे. या गावाने नावे बदलली पण कचेरीचे गाव हा धर्म सोडला नाही. वरच्या आज्ञेच्या अगदी उलट.) दख्खनच्या सुभ्यांची दिवाणी आणि बक्षीगिरी इथे होती. १६८१च्या अखेरीस बादशहा स्वतः दक्षिणेत उतरला आणि १७०७मध्ये अहमदनगरला मरेपर्यंत परत गेला नाही. पाव शतक साम्राज्याचे डोके, धड आणि पोट दक्षिणेत होते. साहजिकच लेखण्याही इथेच झिजल्या. चेहऱ्यांखेरीज 'सियाहा हुजूर' आहेत, म्हणजे दरबारात रोज काय झाले त्याची नोंद. 'यादाश्त' आहेत, म्हणजे नेमणुकीच्या हुकमाचे टिपण. 'कब्जुल वसूल' आहेत, म्हणजे पैसे पावल्याच्या पावत्या. रोजनामचे आहेत, परवाने आहेत, दस्तके आहेत.

मराठीच्या विद्यार्थ्याने या शब्दांपाशी जरा थांबावे. हे कागद फार्सी आहेत म्हणून ते आपले नव्हेत असे समजण्याची चूक आपण फार वर्षे केली. 'यादाश्त'मधली 'याद' आपल्या दप्तरात आली आणि तिची 'यादी' झाली. वाण्याकडे पाठवायच्या चिठ्ठीलाही आपण हाच शब्द वापरतो. 'चेहरेपट्टी' आज आपण कथेतल्या नायिकेचे वर्णन करताना लिहितो, पण तिचे मूळ शिपायाच्या वर्णनाच्या नोंदीत आहे. 'रोजनिशी'तली 'निशी', चिटणिसातला 'नीस' आणि फडणिसातला 'नीस' ही सारी फार्सी 'नविश्तन'ची, लिहिण्याची, लेकरे. दप्तर हा शब्द तर ग्रीक 'दिफ्थेरा', म्हणजे कमावलेले चामडे, तिथून फार्सीत आणि फार्सीतून मराठीत येऊन शेवटी शाळकरी पोराच्या पाठीवर चढला. 'रद्द' आणि 'रद्दी' हेही त्याच कचेरीतून आले. कागद निर्माण करणाऱ्यांनीच तो फेकण्याचा शब्दही आपल्याला दिला.

हे कागद टिकावेत म्हणून कोणी काही केले, असे म्हणायला फारसा आधार नाही. मनसबदार मेला की सरकारचे त्याच्याकडे काय येणे आहे याचा हिशेब निघे, तोवर पावत्या आणि हजेऱ्या जपायच्या, एवढा त्यांचा उपयोग होता. हिशेब मिटला की त्यांना अर्थ नाही. पुढे आसफजाही घराणे दख्खनमध्ये स्वतंत्र झाले, १७६३च्या सुमारास निजाम अलीने राजधानी हैदराबादला नेली, आणि औरंगाबादची कचेरी मागे पडली. गाव मागे पडले हेच कागदांच्या पथ्यावर पडले असावे. जिथे रोज नवा कागद येतो तिथे जुन्याला जागा करून द्यावी लागते. जिथे येत नाही तिथे जुना पडून राहतो. हैदराबादेत दिवाणीची दप्तरे दोन वंशपरंपरागत घराण्यांकडे होती. औरंगाबादकडच्या सुभ्यांचे 'दफ्तर-ए-दिवाणी' रायरायान या मराठी ब्राह्मण घराण्याकडे, आणि तेलंगणाकडचे 'दफ्तर-ए-माल' मालवाला या कायस्थ घराण्याकडे. दप्तर हीच त्यांची जहागीर असल्याने ते सांभाळणे त्यांच्या हिताचे होते. पहिल्या सालारजंगांच्या सुधारणांनंतर या घराण्यांचे अधिकार ओसरले आणि कागद हळूहळू राज्याच्या ताब्यात आले. किलेअर्कातला संग्रह १९१६मध्ये हैदराबादला हलवण्यात आला.

आता याच्या उलट बाजू पाहावी. मोगलांचे जे मध्यवर्ती दप्तर आग्रा-दिल्लीला होते, ज्याची निगा बादशाही इतमामाने राखली जात होती, ते जवळजवळ सगळे नाहीसे झाले. १७३९ची नादिरशहाची लूट, नंतरच्या अर्ध्या शतकातली दिल्लीची दुर्दशा, १८५७चा संहार. दरबारची बातमीपत्रे, म्हणजे 'अखबारात', जी काही मोठ्या प्रमाणात उरली ती दिल्लीत उरली नाहीत. जयपूरच्या राजाने आपल्या माहितीसाठी वकिलांकरवी नकला मागवल्या होत्या म्हणून उरली. साम्राज्याने 'कायम' असा शिक्का मारलेले गेले आणि एका सुभ्याच्या कचेरीतले हजेरीपट राहिले. सेतुमाधवराव पगडी यांनी 'मोगल दरबाराची बातमीपत्रे' मराठीत आणली ती या योगायोगावर उभी आहेत. पगडी मूळचे निलंग्याचे, हैदराबाद संस्थानच्या नोकरीत होते, आणि फार्सी दप्तर हे मराठी इतिहासाचेच दप्तर आहे हे त्यांच्याइतके चिकाटीने फार थोड्यांनी सांगितले. हैदराबादला युसुफ हुसेन खान यांनी १९५०च्या दशकात शाहजहान आणि औरंगजेब यांच्या काळातील निवडक कागद छापले. याच दख्खनी दप्तरांतून फुटून गेलेला 'इनायतजंग संग्रह' दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे, आणि जॉन रिचर्ड्‌स यांचे गोवळकोंड्यातील मोगल कारभारावरचे १९७५चे पुस्तक त्याच्या आधारे लिहिले गेले.

इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. उपेक्षेने कागद वाचतात हा सिद्धान्त मोठा आकर्षक आहे, आणि म्हणूनच त्याच्यापासून सावध राहावे. उपेक्षेने वाचलेले कागद आपल्याला दिसतात. उपेक्षेने वाळवीने खाल्लेले दिसत नाहीत. मराठवाड्यातल्या किती गढ्यांच्या माळवदाखाली किती रुमाल कुजले त्याची नोंद ठेवायला कोणी नव्हते. तेव्हा किलेअर्कच्या कागदांवरून 'काही न करणे हेच जतन' असे अनुमान काढणे चुकीचे होईल. त्यांच्यावरून एवढेच म्हणता येते की लिहिणाऱ्याने त्यांना दिलेली किंमत आणि आपण आज त्यांना देतो ती किंमत यांचा मेळ नाही. आणि मधल्या काळात कोणा कर्तव्यदक्ष अधिकाऱ्याने पहिल्या किमतीवर विसंबून साफसफाई केली असती, तर त्याला कोणी दोषही दिला नसता.

राजवाड्यांना हे पक्के ठाऊक होते. १८९८पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापताना त्यांनी गावोगाव हिंडून जमवले ते मुख्यतः असलेच कागद: याद्या, पत्रे, हिशेब, कोणाचे तरी खर्डे. बखर सुबक असते, तिला आरंभ-शेवट असतो, वाचणाऱ्याचे मन राखायचे असते. चिठोऱ्याला तसली जबाबदारी नसते. म्हणून राजवाडे समकालीन चिठोऱ्याला बखरीच्या वर बसवीत. मला यात किंचित अतिशयोक्ती वाटते. चेहऱ्याचा कागद खोटे बोलत नाही असे नाही. तो तर खोटेपणा पकडण्यासाठीच जन्मला, आणि कारकुनाला चार नाणी दिली की त्यावर हवे ते वर्णन येत असणार. पण त्याचा खोटेपणा वेगळ्या जातीचा आहे. बखर भावी वाचकाशी खोटे बोलते. हजेरीपट त्या महिन्याच्या खजिनदाराशी. तीनशे वर्षांनंतरच्या आपल्याशी खोटे बोलण्याचे त्याला काही कारण नाही. औरंगाबादेत वाढलेल्या आणि मोगल लष्करात कारकुनी केलेल्या भीमसेन सक्सेनाने आपल्या फार्सी आठवणी लिहिल्या, त्यांतही ही दोन्ही रूपे शेजारी दिसतात. जिथे तो इतिहासकार होतो तिथे ठरीव बोलतो. जिथे धान्याचा भाव आणि छावणीतले हाल लिहितो तिथे कारकून जागा होतो आणि मजकूर जिवंत होतो.

आपल्या सरकारी मराठीत जुने कागद छाटण्याच्या कामाला 'निंदणीकरण' असा शब्द आहे. शेतातले तण काढणे ती निंदणी. शब्द इतका घरगुती आहे की त्यामागचा निर्णय डोळ्यांआड होतो. तण आणि पीक यांतला फरक शेतकऱ्याला उगवताच दिसतो; कागदाचा दिसत नाही. म्हणून नियमावलीत तो आधीच ठरवलेला असतो. महाराष्ट्रातील महसुली कचेऱ्यांत कागदांचे वर्ग पाडण्याची इंग्रजी अमदानीपासूनची पद्धत आहे: 'अ' कायमचे, 'ब' तीस वर्षे, 'क' दहा, 'क-१' पाच आणि 'ड' एक वर्ष. 'टीएमपीफाइल्स'च्या यादीतला मुदतीचा रकाना आणि ही वर्णमाला यांत तत्त्वतः काही अंतर नाही. फरक पुसण्याच्या रीतीत आहे. 'ड' यादीतला गठ्ठा जाळायचा तर शिपायाला तो उचलावा लागतो, साहेबाला सही करावी लागते, आणि मधे कोणीतरी गठ्ठा सोडून पाहण्याची शक्यता असते. किती गठ्ठे असे वाचले असतील कोण जाणे. यंत्र गठ्ठा सोडून पाहत नाही.

१९९३च्या केंद्रीय सार्वजनिक अभिलेख कायद्यात मला आवडणारी एक तरतूद आहे. १८९२पूर्वी निर्माण झालेला कोणताही कागद नष्ट करता येत नाही. तो उपयोगापलीकडे खराब झाला आहे असे अभिलेखागाराच्या प्रमुखाने ठरवले तरच अपवाद. तो कोणत्या वर्गातला, कोणत्या कामाचा, असे कायदा विचारत नाही. वयाने त्याला अभय मिळते. १८९२पर्यंत जगून आलेल्या हजेरीपटाला यापुढे कोणी 'ड' म्हणू शकत नाही. पण २००२मध्ये संगणकावर लिहिलेल्या कागदाला हे वय गाठायचे आहे, आणि त्याचा मार्ग अनेक 'पर्ज'मधून जातो. मराठीत आंतरजालावर लिहिणाऱ्यांच्या पहिल्या पिढीचे पुष्कळ लेखन 'जिओसिटीज'सारख्या फुकट जागांवर होते. याहूने ती जागा ऑक्टोबर २००९मध्ये बंद केली. युनिकोडपूर्वीच्या फॉन्टांत टंकलेला मजकूर तर पुसला न जाताही गेला: फाइल शाबूत, उघडली की रोमन अक्षरांचा चिवडा. त्या काळच्या कविता, वाद, पहिली परीक्षणे यांवर उद्या कोणी प्रबंध लिहायचा म्हटला तर त्याला राजवाड्यांसारखे हिंडायलाही गाव नाही. लिहिणाऱ्यांनी तरी ते कोठे जपले? आम्ही सगळेच त्याला तात्पुरते समजत होतो.

किलेअर्काच्या परिसरात आज शासकीय कला व विज्ञान महाविद्यालय आहे. तिथे इतिहास किंवा मराठी शिकणाऱ्या मुलाला आपल्या पायाखालच्या भूमीत लिहिला गेलेला एखादा चेहऱ्याचा कागद पाहायचा असेल, तर त्याला हैदराबादला तारनाक्याच्या राज्य अभिलेखागारात जावे लागते, आणि इनायतजंग संग्रहासाठी दिल्लीला. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा इकडे आला. कागद १९१६मध्येच तिकडे गेले होते. त्या कागदांतला एखादा स्वार, उजव्या भुवईवर जखमेची खूण असलेला, बापाच्या नावासकट आणि घोड्याच्या डागासकट, अजून तिथल्या कोणत्या तरी गठ्ठ्यात हजेरीला उभा असेल.